आमच्या ब्रँचचे सेनापती

मराठी विभागासाठी लेख द्या, अशी नोटीस मेसच्या दारावर लागली तेव्हा मी ती वाचली आणि ताट घेऊन पुढे गेले. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेत मराठी म्हणजे दिवसातला एक तास, आणि त्या तासाबाहेर ती बोललं की डायरीत शेरा. अजूनही पाढे मनात म्हणते ते इंग्रजीतच. तेव्हा मराठी लेख लिहिणं हे माझं काम नव्हे, हे मी ठरवून टाकलं होतं. पण एका माणसाची गोष्ट गेले काही महिने डोक्यातून जात नाही. ती गोष्ट माझ्या आजोबांनी मला मराठीत सांगितली, म्हणून मराठीतच लिहिते आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सुधारल्या असतील, अशी आशा!

आधी गावाबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी शनिशिंगणापूरची. हे कळलं की हॉस्टेलवर प्रत्येकीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. तुमच्या घरांना खरंच दारं नाहीत का गं? खरंच नाहीत. चौकट असते, चौकटीला पडदा असतो. रात्री कुत्री आत शिरू नयेत म्हणून आमच्याकडे एक जाड फळी आडवी टेकवून ठेवतात. बस्स. २०११ मध्ये गावात बिनकुलपाची बँक उघडली तेव्हा पेपरात फोटो आले होते. मधल्या काळात चोरीच्या बातम्याही आल्या, नाही असं नाही. पण म्हणून आमच्या घरी चौकटीला दार बसवलं नाही. मी हॉस्टेलवर आले तेव्हा ट्रंकेला कुलूप कसं लावायचं हे रूममेटने शिकवलं, आणि पहिल्याच महिन्यात दोनदा माझी किल्ली ट्रंकेच्या आत राहिली.

असो. गोष्ट सुरू झाली ती टर्बोमशिन्सच्या तासाला.

सर पेल्टन व्हील शिकवत होते. उंचावरून पाणी सोडायचं, नोझलमधून त्याचा झोत बकेटवर मारायचा, चाक फिरतं, वीज तयार होते. उदाहरण म्हणून सरांनी मुळशी घेतलं. पुणे जिल्ह्यातली मुळा नदी खरं तर पूर्वेला वाहणारी. तिला मुळशीला धरण बांधून अडवलं, आणि पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिमेला, खाली कोकणात, भिरा इथल्या पॉवर हाऊसला नेलं. हेड सुमारे ५०० मीटर. सरांनी विचारलं, दर सेकंदाला एक घनमीटर पाणी सोडलं तर पॉवर किती? सूत्र सगळ्यांना पाठ आहेच, रो जी क्यू एच. उत्तर ४.९ मेगावॅट. एफिशियन्सी ८५ टक्के धरली तर ४.२ च्या आसपास. वर्गात सगळ्यात आधी उत्तर मी दिलं आणि सर चक्क हसले. मेकॅनिकलला आम्ही मोजून सात मुली आहोत, त्यामुळे मला त्या दिवशी जरा जास्तच भारी वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. संध्याकाळी ओट्यावर आजोबांना हेच कौतुकाने सांगायला लागले, कागदावर आकृती काढून. मी मुळेचं पाणी म्हटलं आणि आजोबांना वाटलं आमची मुळा. कारण आमच्या नगर जिल्ह्यातही एक मुळा नदी आहे. ती अकोल्याच्या डोंगरातून येते आणि नेवाशाजवळ प्रवरेला मिळते. तिच्यावर राहुरी तालुक्यात धरण आहे आणि त्याच्या उजव्या कालव्याचं पाणी आमच्या नेवासा तालुक्यात येतं. दोन नद्या, नाव एकच. हा गोंधळ मिटल्यावर आजोबांनी गणित नीट ऐकून घेतलं. मग विचारलं की यात गावं किती गेली?

मी म्हटलं, आजोबा, गणितात गावं नसतात.

यावर ते काही रागावले वगैरे नाहीत. एवढंच म्हणाले की हे गणित आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाने फार पूर्वी घातलं होतं, आणि तोही तुझ्यासारखा मशिनचं शिकायला गेलेला होता. आजी शेजारी लसूण सोलत बसली होती. ती मधेच उठून आत गेली. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही.

तो माणूस म्हणजे पांडुरंग महादेव बापट. सेनापती बापट. पुण्या-मुंबईतल्या मुलांना हे नाव रस्त्यावरून माहीत असतं, मलाही तेवढंच माहीत होतं. खरं सांगायचं तर मला ते शिवाजी महाराजांच्या सैन्यातले सेनापती वाटायचे. हसू नका! नगर आणि स्वातंत्र्यलढा म्हटलं की मला शाळेतला धडा आठवायचा, भुईकोट किल्ल्याचा. १९४२ मध्ये नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल अशा नेत्यांना तिथे आणून ठेवलं होतं, आणि नेहरूंनी तिथेच द डिस्कव्हरी ऑफ इंडिया लिहिलं. हे सगळं मला तोंडपाठ. पण बाहेरून आणून आमच्या जिल्ह्यात कोंडलेली माणसं मला माहीत होती, आणि आमच्या जिल्ह्यातून बाहेर पडून ठिकठिकाणी कोंडला गेलेला माणूस माहीत नव्हता. पारनेर आमच्या गावापासून पाऊणशे किलोमीटर. एस.टी.ने नगरला गाडी बदलली की झालं.

सुट्टी संपल्यावर मी लायब्ररीत बसून त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचलं. त्यातून जी गोष्ट उभी राहिली ती माझ्या भाषेत सांगते.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा, पारनेरचा. घरची परिस्थिती बेताची. मुलगा हुशार. शिकत शिकत पुण्याला डेक्कन कॉलेजात पोहोचला. तो काळ कसा होता बघा. १८९७ मध्ये चापेकर बंधूंनी रँडला मारलं होतं, पुण्यातली हवा तापलेली होती. कॉलेजात असतानाच बापटांनी तलवारीवर हात ठेवून देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढायची शपथ घेतली. आपण फ्रेशर्स पार्टीला हात वर करून शपथ घेतो, तशी नाही. ही त्यांनी पुढची साठ वर्षं पाळली.

१९०४ मध्ये त्यांना इंग्लंडला जाऊन शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली. ते गेले स्कॉटलंडला, एडिंबरोच्या हेरियट-वॅट कॉलेजात. विषय? मेकॅनिकल इंजिनिअरिंग! हे वाचलं तेव्हा मी लायब्ररीत एकटीच हसले. म्हणजे आमच्या ब्रँचचे. आमच्यासारखीच त्यांनीही ड्रॉइंग काढली असतील, वर्कशॉपमध्ये कानस घासली असेल. फरक एवढाच, की आपण प्लेसमेंटचा विचार करत फायलिंग करतो.

तिथे त्यांनी एका सभेत इंग्रजांच्या भारतातल्या राज्यकारभारावर भाषण केलं, आणि जे होतं तेच सांगितलं. शिष्यवृत्ती गेली. जरा कल्पना करा. वीस-पंचविशीतला मुलगा, सातासमुद्रापार, खिशात पैसे नाहीत, घरी बायको, आईवडील. आपल्याला इथे एक के.टी. लागली तर घरी फोन करायची हिंमत होत नाही. बापटांना माफी मागून अभ्यास पुढे चालू ठेवता आला असता की नाही हे मला सांगता येणार नाही, पण त्यांनी उलटी वाट धरली. लंडनला श्यामजी कृष्ण वर्मांचं इंडिया हाऊस होतं. तिथे ते सावरकरांच्या गटात मिसळले.

त्या गटाने त्यांना पाठवलं पॅरिसला, बॉम्ब कसा तयार करतात ते शिकायला. बरोबर बंगालचे हेमचंद्र दास होते आणि मिर्झा अब्बास होते. एक मराठी, एक बंगाली, एक मुसलमान, आणि शिकवणारे रशियातून पळून आलेले क्रांतिकारक. बॉम्बची कृती एका रशियन पुस्तिकेत होती. तिचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं, त्याच्या प्रती काढल्या आणि त्या भारतात पोहोचवल्या. म्हणजे आमच्या ब्रँचच्या माणसाने डिग्री सोडली, पण टेक्निकल मॅन्युअल मात्र पूर्ण केलं! हा विनोद मी रूममेटला सांगितला तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, त्या मॅन्युअलमधून पुढे झालं काय ते वाच.

तिचं बरोबर होतं. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी मॅजिस्ट्रेट किंग्सफर्डला मारायला बॉम्ब टाकला. किंग्सफर्ड त्या गाडीत नव्हताच. दोन इंग्रज बायका, आई आणि मुलगी, मेल्या. चाकीने स्वतःवर गोळी झाडून घेतली. खुदिराम फाशी गेला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. आपल्या फर्स्ट इयरच्या मुलांएवढा. कलकत्त्याला माणिकतळ्याच्या बागेवर छापा पडला, अरविंद घोषांसह अनेकांना पकडलं, अलीपूरचा खटला उभा राहिला. हेमचंद्रांना जन्मठेप होऊन अंदमानला पाठवलं. खटल्यात नरेंद्र गोस्वामी माफीचा साक्षीदार झाला आणि त्याच्या जबानीत बापटांचंही नाव आलं.

बापट भूमिगत झाले. एक-दोन महिने नाही, चार वर्षं. देशभर हिंडत राहिले. या चार वर्षांबद्दल वाचताना मी थांबले, कारण त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं वळण मला तिथे दिसलं. गावोगाव फिरताना त्यांच्या लक्षात आलं की बहुतेक लोकांना आपल्यावर परक्यांचं राज्य आहे, याचाच पत्ता नाही. पाटील, तलाठी, सावकार, फौजदार, एवढंच त्यांचं सरकार. त्यांच्या वरती कोण बसलंय, तो कुठून आला, आपला सारा कुठे जातो, कुणाला ठाऊक नाही. ज्याच्या घरातून माल जातोय त्यालाच चोरी झाल्याचं माहीत नाही, मग एक-दोन साहेब मारून काय होणार? मी बिनदाराच्या गावची, म्हणून मला हे फार लागलं. आमच्याकडे चोर आला तर निदान दिसतो तरी.

१९१२ मध्ये इंदूरला ते पोलिसांच्या हाती लागले. पुढे सुटून पारनेरला परतले. पोलिसांची नजर होतीच. आणि आता या माणसाने काय करावं? हातात झाडू घेतला. सकाळी उठून गावचे रस्ते झाडायचे, गटारं साफ करायची. एडिंबरो-पॅरिस करून आलेला, बॉम्बची विद्या शिकलेला, ब्राह्मणाच्या घरचा माणूस गावात झाडू मारतोय! त्या काळात लोक काय बोलले असतील याचा विचार करा. १९१४ मध्ये त्यांना मुलगा झाला. बारशाची पहिली पंगत त्यांनी वाढली ती गावातल्या तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना. गावात राहायचं असताना, घरात बाळंतीण असताना असं करायचं, ही माझ्या मते बॉम्बपेक्षा सोपी गोष्ट नव्हती. झाडू त्यांच्या हातून पुढे आयुष्यभर सुटला नाही.

१९१५ पासून ते पुण्यात होते. टिळकांच्या मराठा साप्ताहिकात काम केलं, केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कामातही होते. १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले आणि त्याच आठवड्यात बापटांची पत्नी गेली. पुढच्या वर्षी मुळशी सुरू झाली.

आता माझ्या त्या गणिताकडे येते.

मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात धरण बांधून मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला वीज द्यायची, अशी टाटा कंपनीची योजना होती. कोळशावर चालणाऱ्या मुंबईला पाण्याची वीज मिळणार होती. योजना म्हणून उत्तमच. सरांनी उगाच ती उदाहरणाला घेतली नाही. पण खोऱ्यात पन्नासेक गावं होती, आंबेमोहोर भाताची खाचरं होती, कित्येक पिढ्यांचे मावळे होते. कंपनीने परवानगी वगैरे न घेता चाचणीचे चर खणायला सुरुवात केली आणि लोक बिथरले. सरकार कंपनीच्या बाजूने. हातात जमीन घ्यायचा १८९४ चा कायदा.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. मावळे बायकापोरांसकट धरणाच्या कामावर जाऊन बसले. काम बंद पडलं. बापट आणि विनायकराव भुस्कुटे या लढ्याचे पुढारी. याच लढ्यात लोक बापटांना सेनापती म्हणायला लागले. म्हणजे मला वाटायचे तसे घोडदळाचे नव्हे, चिखलात बसलेल्या शेतकऱ्यांचे सेनापती. धरणाविरुद्ध लोकांनी इतकी वर्षं नेटाने चालवलेला लढा जगात यापूर्वी झाला नव्हता, असं अभ्यासक सांगतात.

काम काही महिने थांबलं, पुन्हा सुरू झालं. सत्याग्रही पुन्हा बसले. अटक, सुटका, पुन्हा अटक. आणि हळूहळू लढा आतून पोखरला गेला. कारण जमिनी कसणारे होते मावळे, पण कागदावर मालक होते बहुतेक सावकार, आणि सावकारांना मोबदल्यात रस होता. त्यांनी पैसे घेऊन तडजोड केली. कुळांच्या हाताला फारसं काही लागलं नाही.

शेवटी डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामाची रेल्वे दगड रचून अडवली. हातात पिस्तूल होतं, गोळ्याही झाडल्या. मग पळून न जाता स्वतःच पोलिसांच्या स्वाधीन झाले. सात वर्षांची शिक्षा झाली, सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात. धरण बांधून झालं. भिऱ्याला चाकं फिरली. मुंबईत दिवे लागले.

हा भाग मला अजून पचलेला नाही. सत्याग्रह म्हणायचं आणि पिस्तूल घ्यायचं? त्या रेल्वेत बसलेले मजूरही गरीबच असणार. बापटांनी तीन वर्षं शांततेने सगळं करून पाहिलं आणि मग संयम सुटला, की पॅरिसमध्ये शिकलेलं कधी मनातून गेलंच नव्हतं? मी आजोबांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, चुकलं असेल, पण चूक करून जो स्वतः फौजदारापुढे जाऊन उभा राहतो त्याच्या चुकीचा हिशेब जरा वेगळा मांडावा. मला हे अर्धंच पटतं. तुम्ही ठरवा.

१९३१ मध्ये ते सुटले, महाराष्ट्र काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि भाषणांमुळे पुन्हा तुरुंगात गेले ते १९३७ पर्यंत. १९३९ मध्ये सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकच्या महाराष्ट्र शाखेचे प्रमुख झाले. मधल्या वेळात काय, तर ज्या अरविंदांच्या खटल्यामुळे चार वर्षं लपावं लागलं, त्यांचंच तत्त्वज्ञान मराठीत आणायचं काम केलं. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवायचा मान त्यांना मिळाला. पासष्टी उलटलेली. आता घरी बसले असते तर कुणी काही म्हटलं नसतं. पण गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोऱ्यांबरोबर पहिल्या तुकडीत बापट गोव्याच्या हद्दीत शिरले, वय ७४. माझे आजोबा आत्ता त्यापेक्षा थोडेच मोठे आहेत आणि त्यांना आम्ही एकट्याने नगरलाही जाऊ देत नाही. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही ते होते. २८ नोव्हेंबर १९६७ ला मुंबईत गेले.

हिशेब केला तर काय दिसतं? डिग्री पूर्ण नाही. बॉम्बने राज्य गेलं नाही. मुळशी हरले. पण हरल्यावर प्रत्येक वेळी त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू घेतला, हे मला फार मोठं वाटतं.

आता आजीबद्दल. तीच खरी गोष्ट राहिली.

पुढच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आजोबांनी सहज सांगितलं की आजीचं माहेर मुळा धरणात गेलं. आमच्या मुळेच्या. म्हणूनच ती त्या संध्याकाळी उठून गेली होती. माझं वय वीस. वीस वर्षं मी या बाईच्या हातचं खातेय, आणि मला माहीत नव्हतं की तिचं गाव पाण्याखाली आहे! आणि त्याच धरणाचं पाणी कालव्याने आमच्या शेतात येतं. त्यावर ऊस उभा राहतो. त्या उसाच्या पैशातून माझी कॉन्व्हेंटची फी गेली आणि या हॉस्टेलचीही जाते. म्हणजे धरण वाईट असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ते नसतं तर मी इथे नसते. आणि धरण चांगलं असं आजीसमोर म्हणायलाही रेटत नाही.

मी आजीला विचारलं, गावात घरं किती होती? तिला आकडा सांगता येईना. मग ती वेशीपासून एकेक घर सांगायला लागली. मी ड्रॉइंगचं शीट काढलं, मिनी ड्राफ्टर लावला आणि ती सांगेल तशी घरं काढत गेले. मारुतीचं देऊळ, त्याच्या मागे सुताराचं घर, मग चिंच, मग तिच्या चुलत्याचं. विहीर मी डावीकडे काढली तर तिने रागावून ती खोडायला लावली. बेचाळीस घरं झाली. इंजिनिअरिंग ड्रॉइंगला मला बरे मार्क होते, पण इतकं मन लावून मी एकही शीट काढलेलं नाही.

शेवटी मी विचारलं, तुझं घर कसं होतं? ती म्हणाली, घराला दार होतं. सागवानी, दोन फळ्यांचं, कडी-कोयंडा लावलेलं. गाव उठलं तेव्हा लोकांनी जमेल तेवढं लाकूड काढून नेलं. तिच्या भावाला नवीन जागी घर बांधायला वेळ लागणार होता, म्हणून दाराची एक फळी त्याने बैलगाडीतून इकडे आणून टाकली. शिंगणापुरात दाराचं काय करणार? बसवता तर येत नाही.

मग काय केलंत, असं मी विचारलं. आजीने उंबऱ्याकडे बोट दाखवलं. रात्री कुत्र्यांसाठी आडवी टेकवतो ती फळी. लहानपणापासून मी रोज ती उचलते आहे. जवळ जाऊन पाहिलं तर कोपऱ्यात कडीची भोकं आहेत.

मित्रमैत्रिणींनो, दाराला कुलूप लावलं की घर सुरक्षित, असं आपण समजतो. पण घरच जायचं असेल तर कुलूप कशाला लावणार? मुळशीच्या मावळ्यांना बापटांनी ही जाणीव करून दिली, आणि आपण हरतोय हे दिसत असतानाही ते त्यांच्यासोबत बसून राहिले. ते इंजिनिअरिंग शिकलेले होते. पाणी पाचशे मीटर खाली पडलं की किती ताकद मिळते हे त्यांनाही कळत असणार. तरी त्यांनी विचारलं की याची किंमत कोण देणार आणि त्याला विचारलं का?

या सेमिस्टरला आमच्या ग्रुपचं मिनी प्रोजेक्ट लहान जलविद्युत केंद्रावर आहे. रिपोर्टमध्ये साइट सिलेक्शनच्या प्रकरणाला मी एक पान जोडलं. त्या जागेवर आज कोण राहतं, जमीन कोण कसतं आणि कागदावर कुणाच्या नावावर आहे, असे तीनच कॉलम. ग्रुपमधले म्हणाले की सिलॅबसमध्ये नाही, मार्क कापतील. सरांनी ते पान वाचलं, थोडा वेळ थांबले आणि उलटलं. मार्क दिले नाहीत, पण पान काढायलाही सांगितलं नाही. रिपोर्ट बाइंडिंगला गेला आहे, त्या पानासकट.

आणि हो, आमच्या विंगचा पॅसेज आता रविवारी आम्ही चौघी झाडतो. पहिल्या रविवारी सफाईच्या मावशींना वाटलं की रेक्टर मॅडमनी आम्हाला शिक्षा केली आहे. त्या आमची बाजू घेऊन भांडायला निघाल्या होत्या, मुश्किलीने थांबवलं!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी (मुलींचे वसतिगृह)